आधी तू वाजव

१

कागद नाहीसा झाला तो मध्यंतरात, आणि तो कुठे आहे हे सगळ्यांत आधी माझ्या उजव्या पायाला कळलं. डोक्याला कळायला त्यानंतर पाऊण तास लागला. माझं डोकं आणि माझा पाय यांच्यात हुशार कोण, हा वाद आमच्या घरात जुना आहे.

मी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. नाव काहीही असो, सगळे मला ठोक्या म्हणतात. ड्रमवाला सगळ्यांच्या मागे बसतो, त्यामुळे त्याला जगाच्या फक्त पाठी दिसतात. पण पाठीवरून माणूस बरोबर कळतो. तोंड खोटं बोलू शकतं, पाठीला ती सवय नसते.

त्या संध्याकाळी माझ्यासमोर चार पाठी होत्या. मधोमध खुर्चीत बसलेली रुंद पाठ मास्तरांची. क्लॅरिनेट वाजवणारे, बँड त्यांचा, वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. त्यांच्या उजवीकडे लांब्याची पाठ. हा ट्रम्पेटवाला. नोटेशन असं वाचतो, जसं आपण दुकानावरची पाटी वाचावी. डावीकडे कीबोर्डवर मौनी. सतरा वर्षं आमच्यात आहे आणि सतरा वाक्यं बोलला असेल. आणि माइकपाशी गायिका, म्हणजे आमची ही. तिची पाठ मी सगळ्यांत जास्त पाहिली आहे, कारण भांडण झालं की ती मला तीच दाखवते.

पाचवी पाठ तीन वर्षांपूर्वी गेली. आमचे सॅक्सवाले दादा. त्या दिवशी लग्न होतं ते त्यांच्याच मुलीचं.

साडेसहाला आम्ही वाद्यं लावत होतो, तेव्हा वहिनी स्टेजवर आल्या. दादांच्या बायको. हातात एक पिवळसर कागद होता.

"मास्तर, हे ह्यांनी लेक झाली त्या आठवड्यात लिहिलं. वाजवलं कधीच नाही. म्हणायचे, तिच्या लग्नात वाजवायचं. इतकी वर्षं ह्यांच्या फोटोशेजारी चौकटीत लावून ठेवलं होतं, आज सकाळी काढलं. साडेआठला मी तिला घेऊन मधे उभी राहते, तेव्हा वाजवा. पण तिला काही माहीत नाही. ती सारखी आसपासच असणार, तेव्हा आधी एक सूरही तिच्या कानावर पडू देऊ नका. तुम्ही एकट्यानेच वाजवा, थेट कागदावरून. तुम्हाला काय, बघितलं की झालं."

मास्तरांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. "छान लिहिलंय," ते म्हणाले आणि तो आपल्या वहीत सगळ्यांत वर ठेवला. लांब्याने मान लांब करून डोकावून घेतलं. त्याची मान लांबवायची फारशी गरजच नसते म्हणा.

ही गोष्ट खिशात फोन यायच्या आधीची. फोटोवाल्याचे फोटो धुऊन यायला आठवडा लागायचा. त्या धुनेची जगात एकच प्रत होती आणि ती त्या वहीत होती.

सव्वासातला मध्यंतर झालं. चहा झाला. परत येऊन आम्ही एक जोरकस गाणं वाजवलं. त्यात माझा पायाचा मोठा ड्रम विचित्र वाजत होता. प्रत्येक ठोक्यामागे बारीक फर्रर्र. मी मनात स्क्रूला शिव्या दिल्या.

गाणं संपलं. लांब्या पान उलटायला वाकला, मास्तरांच्या वहीकडे पाहिलं आणि थांबला.

"मास्तर, दादांचा कागद कुठाय?"

२

वही झटकली. खुर्च्यांखाली पाहिलं. वाद्यांच्या पेट्या उघडल्या. कोटांचे खिसे उलटे केले. एका अनोळखी माणसाचा चष्मा सापडला, माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं आणि हरवलं म्हणून मी तीन वेळा बोलणी खाल्लेलं पेन सापडलं. कागद सापडला नाही.

सुदैवाने त्याच वेळी नवऱ्या मुलाच्या काकांनी माइक हातात घेतला. त्यांनी "मी दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हटल्याबरोबर आमच्या लक्षात आलं की वीस मिनिटांची निश्चिंती झाली.

वहिनींना सांगावं लागलं. त्या रडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. स्टेजच्या पायरीवर हळूच टेकल्या.

"मला नोटेशन वाचता येत नाही, भावजी," त्या मला म्हणाल्या. "रोज त्या कागदाकडे बघायची. ह्यांचं अक्षर म्हणून. आत काय आहे ते आज कळणार होतं. ती धून दुसरीकडे कुठेच नाही हो. ह्यांच्या डोक्यात होती आणि त्या कागदावर. ह्यांचं डोकं तर..."

दादांनी मला या धंद्यात आणलं होतं. माझा हात वेगात धावायला लागला की ते सॅक्स वाजवता वाजवता डावी टाच जमिनीवर दाबायचे, आणि मी आवरायचो. तीन वर्षं झाली, मी अजून त्या टाचेकडे बघायला जातो.

"शोधतो, वहिनी," मी म्हणालो. "साडेआठच्या आत."

घड्याळात सात पंचेचाळीस झाले होते. माझ्या मागे लांब्या पुटपुटला, "शोधायचं काय त्यात? कुणीतरी घेतलाय. कागदाला पाय फुटत नाहीत."

खरं होतं ते. आणि घ्यायला स्टेजवर आम्ही पाचच होतो.

३

सुरुवात घरापासून करावी म्हणून आधी हिला विचारलं.

"अहो, माझ्यावर संशय?"

"संशय नाही गं. पण दादांच्या धुनेसाठी तुझं शेवटचं गाणं कापलं. कार्यक्रम सुरू होण्याआधी तू त्यावरून इथल्या स्वयंपाकघरात भांडी आपटलीस."

"भांडी मी तुमच्यावरून आपटली. गाणं कापा असं मीच म्हणाले मास्तरांना. वहिनींसाठी." तिने माझी टायची गाठ सरळ केली, जरा जास्तच घट्ट. "मध्यंतरात मी नवरीच्या खोलीत तिचे केस नीट करत होते. तिच्या तीन मावश्या साक्षीला आहेत. आणि तुमचा तो ड्रम काय कण्हतोय मघापासून?"

"स्क्रू ढिला झालाय."

"हो का? नाचता येईना, अंगण वाकडं."

तिथून मी लांब्याकडे गेलो. त्याच्यावर माझा खरा संशय होता. महिन्याभरात तो स्वतःचा बँड काढणार होता आणि आठवडाभर मास्तरांशी कामापुरतंच बोलत होता. भरल्या हॉलमध्ये मास्तर तोंडघशी पडले असते, तर उद्या लोक कुणाकडे गेले असते?

"हे बघ ठोक्या," तो म्हणाला, "मला मास्तरांची जागा हवीय, पण ती वाजवून. चोरून नाही. मध्यंतरात मी मागच्या दाराशी फोटोवाल्याबरोबर उभा होतो. विचार त्याला. मी घेतला असता तर एव्हाना पाठ करून तुला गुणगुणून दाखवला असता. पहिली ओळ तशीही मला आठवतेय. संथ आहे, तीन मात्रांची. बाळाला झोके द्यावेत तशी."

फोटोवाल्याने मान डोलावली. लांब्या त्याच्याबरोबरच होता.

हॉलची झाडलोट बघणारे काका हा माणूस आम्हाला ठाऊक होता. त्यांना जमिनीवर कागदाचा कपटा दिसला की झोप लागत नाही. मी त्यांची कचऱ्याची टोपली उपसली. हातरुमाल, फुलांचे देठ, अर्धे चघळलेले कसले कसले तुकडे. काकांना अपमान वाटला.

"स्टेजवरचं मी कधी उचलत नाही. वाजवणाऱ्यांचं डोकं फिरतं. मघाशी तर तुमच्यातलाच एकजण ड्रमपाशी गुडघे टेकून काहीतरी शोधत होता, तेव्हासुद्धा मी मदतीला गेलो नाही."

"कोण?"

"काळा कोट."

आम्ही सगळेच काळ्या कोटात होतो. हिने काळी साडी नेसली होती.

"चेहरा?"

"पाठ होती माझ्याकडे. उठताना मात्र खुर्चीला धरून उठला, दोनदा."

मग मौनी. मी म्हणालो, "मौनी, कागद कुणी घेतला, तुला काही कल्पना?" त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि एक बोट वर केलं. वरच्याला माहीत, असं म्हणायचं असेल. देवावर हवाला टाकणाऱ्याला आणखी काय विचारणार? मी नमस्कार करून पुढे गेलो.

शेवटी मास्तर. खुर्चीतून हलले नव्हते. क्लॅरिनेट मांडीवर आडवी होती आणि तोंड उतरलं होतं.

"मी चहाला गेलो, आलो, तेव्हा कागद होता की नाही, मला आठवत नाही रे," ते म्हणाले. "लक्षच गेलं नाही."

"धून कशी होती, मास्तर? तुम्ही पाहिली होती. थोडीफार आठवत असेल तर..."

"अवघड होती. भलतीच झटपट. नुसते काळे ठिपके, मुंग्यांची रांग लागावी तसे. एकदा बघून कुणाच्या लक्षात राहणार? वहिनींना सांग, मी दुसरं काहीतरी छान वाजवतो. दादाच्या आवडीचं."

मी पायरीवर येऊन बसलो. एक म्हणतो बाळाचा झोका. दुसरा म्हणतो मुंग्यांची रांग. एकाच कागदावर दोन धुना असू शकत नाहीत. दोघांतला एकजण खोटं बोलत होता, आणि मी मास्तरांना वीस वर्षं ओळखत होतो. म्हणजे लांब्याच.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या काकांचे दोन शब्द संपले.

४

पुन्हा जोरकस गाणं सुरू झालं. आठ वाजून पाच मिनिटं. लोक नाचत होते, नवरी हसत होती, आणि माझा ड्रम फर्रर्र, फर्रर्र करत होता. मी लांब्याच्या पाठीकडे रोखून पाहत होतो. चोराची पाठ कशी असते? खांदे चढलेले असतात, मान आत जाते. लांब्याची पाठ दाराच्या फळीसारखी सरळ होती.

खांदे चढले होते ते मास्तरांचे.

मला ते पाहणंसुद्धा आवडेना. मी नजर वर केली. स्टेजवरचा मोठा दिवा किंचित फडफडला आणि पुन्हा नीट झाला. मला आठवलं, पहिल्या भागात तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर तो मिनिटभर गेलाच होता. डावीकडे मौनीने माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्याने दिव्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

मौनीने बोट देवाकडे केलं नव्हतं. दिव्याकडे केलं होतं!

दिवा गेला तेव्हा काय झालं होतं? लांब्या थांबला होता, कागद दिसेना म्हणून. मौनी अडखळला होता. गाणं नवीन होतं, आठवड्यापूर्वीच घेतलेलं, कुणालाच पाठ नव्हतं. वाजत राहिलो फक्त दोघं. मी, कारण मला कागद लागतच नाही. आणि मास्तर. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा आला तेव्हा मला मास्तरांच्या खांद्यावरून त्यांची वही दिसली होती. तिच्यात आधीच्या गाण्याचं पान उघडं होतं. विसरले असतील उलटायला, असं मला वाटलं होतं.

विसरले नव्हते. त्या पानाचा त्यांना उपयोगच नव्हता.

मग सगळं एकामागून एक येऊ लागलं. हात वाजवत होते, डोकं मोकळं होतं. नवीन गाणं आलं की मास्तर दरवेळी काय म्हणायचे? "आधी तू वाजव, तुझा वेग बघू." आता लांब्याला म्हणतात, पूर्वी दादांना म्हणायचे. समोरचा वाजवायचा, मास्तर डोळे मिटून ऐकायचे, आणि मग त्याच्याहून गोड वाजवायचे. आम्हाला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे!

ज्याला वाचता येतं त्याला तो कागद संथ दिसला. ज्याला वाचता येत नाही त्याला नुसते काळे ठिपके दिसले, आणि ठिपके पुष्कळ म्हणजे धून झटपट, असा त्याने अंदाज बांधला. धुनेबद्दल मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांना जे दिसलं ते सांगत होते.

तीस वर्षं नोटेशनची वही समोर ठेवणाऱ्या माणसाला नोटेशन येत नव्हतं. आणि आज वहिनींनी सगळ्यांदेखत एकच अशी गोष्ट मागितली होती जी त्यांना जमणार नव्हती. कुणाकडून आधी ऐकायचं नाही, थेट कागदावरून, एकट्याने.

गुडघे टेकून उठताना आधार लागतो तो कुणाला, हे आता कुणी सांगायला नको होतं. पण कागद? पेट्या पाहिल्या होत्या, खिसे पाहिले होते, वही पाहिली होती. पाच जणांत कागदाशी काडीचा संबंध नसलेली एकच जागा होती. तिथे कागद कोण शोधणार?

फर्रर्र, माझा ड्रम म्हणाला. मध्यंतरापासून म्हणत होता.

गाणं संपलं. मी खाली वाकलो. मोठ्या ड्रमच्या पुढच्या कातड्याला मुठीएवढं भोक असतं आणि आत आवाज दाबायला मी जुनी चादर कोंबलेली असते. मी त्या भोकात हात घातला. चादर आणि कातडं यांच्या मधे गुंडाळी केलेला कागद होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी माझ्याच ड्रमवर बसून गावभर फिरून आलो होतो.

५

आता फॅमिलीचे फोटो होते. वीस मिनिटं होती. मी कागद कोटात घातला आणि मास्तरांना म्हणालो, "जरा मागे येता?"

स्वयंपाकघरामागे भांडी घासायची जागा होती. तिथे एवढा खणखणाट होता की ट्रम्पेटसुद्धा बाहेर ऐकू गेलं नसतं. मी कागद काढला. मास्तरांनी तो पाहिला आणि ते एका उपड्या पातेल्यावर बसले.

"उद्या सकाळी मी नेऊन देणार होतो, ठोक्या. शपथ. फाडला नसता. दादाचं अक्षर आहे ते."

"ठाऊक आहे, मास्तर."

"माझ्या बापाने मला ऐकून ऐकून शिकवलं. बँडमध्ये घेतलं तेव्हा विचारलं, वाचता येतं का. मी हो म्हणालो. काम हवं होतं. मग रोज वाटायचं, शिकून घेऊ. पण शिकायचं म्हणजे आधी कबूल करायचं. एक वर्ष गेलं, दहा गेली. कागद हरवला तर लोक म्हणतील कागद हरवला. मी येत नाही म्हटलं असतं तर माझी तीस वर्षं हरवली असती." त्यांनी क्लॅरिनेटवरून अंगठा फिरवला. "दादाच्या पोरीच्या लग्नात मी असं केलं. दादाला काय वाटलं असतं?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मलाही नोटेशन येत नाही, पण माझी झाकली मूठ नाही, ते जगाला ठाऊक आहे. ठिपक्यांची बाजू मला निरुपयोगी, म्हणून मी तो सहज उलटा केला.

मागे पेन्सिलीने दादांच्या बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. इतकी वर्षं चौकटीत भिंतीकडे तोंड करून राहिलेल्या.

मी वाचून दाखवलं. "मी नसलो तर ही मास्तरांनीच वाजवायची. कागद त्यांच्या हातात देऊ नये. आधी दोनदा वाजवून दाखवावी, मग ते माझ्याहून छान वाजवतील."

मास्तरांनी कागद घेतला. ही बाजू त्यांना वाचता येत होती. त्यांनी ती किती वेळा वाचली कोण जाणे. भांडी घासणाऱ्या बाईने नळ बंद करून विचारलं, "काय झालं काकांना?" मी म्हणालो, "काही नाही, कांदा." तिथे कांदा नव्हता.

"त्याला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "लेक झाली तेव्हापासून. आणि मी त्याच्यापुढे पान उलटायचं नाटक करायचो. तो बघायचा आणि गप्प बसायचा."

"मास्तर, नंतर रडा. सव्वाआठ झालेत."

मी बाहेर आलो आणि हिला गाठलं. "कागद सापडला. नवरीला दहा मिनिटं बाहेर पायऱ्यांवर फोटोला ने. का ते विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. आमच्या संसारात असं पहिल्यांदा घडलं.

मग लांब्या. "ड्रमच्या मागे पडला होता, माझंच लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "पण मला ठेका कुठे धरायचा ते कळायला हवं, आणि मला वाचता येत नाही. आत येऊन हळू आवाजात दोनदा वाजवून दाखव. मास्तरही येतील सोबतीला."

"तुला ठेका?" लांब्याने भुवया उडवल्या. "मास्तर एकट्याने वाजवणार ना?"

"आता मी हलका हात ठेवणार आहे. माझं मन."

तो आला. ट्रम्पेटच्या तोंडाशी आवाज दाबायचा डबा लावला आणि भांड्यांच्या खणखणाटात दादांची धून वाजवली. बाळाचा झोका, अगदी बरोबर. वाजवताना त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मघाशी मी संशय घेतला त्याचा राग असेल, असं मला वाटलं. मास्तर पातेल्यावर बसले होते, डोळे मिटून.

दोनदा झाल्यावर लांब्या म्हणाला, "बास?"

"बास," मास्तर म्हणाले.

६

साडेआठला वहिनी लेकीचा हात धरून मधे आल्या. मास्तरांनी दादांचा कागद आपल्या स्टँडवर नीट ठेवला. ते खुर्चीतून उभे राहिले. गुडघ्यांमुळे वर्षभर ते उभे राहिले नव्हते.

ती धून मी तुम्हाला सांगू शकत नाही. संथ होती. मधे एक जागा अशी होती की सूर वर जातो, थांबतो आणि विचार बदलून खाली येतो. दादा बोलताना तसंच थांबायचे. वहिनींना ते कळलं, कारण त्यांनी तिथे एकदम तोंडावर हात धरला. लेक आधी हसत होती, मग तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा?" वहिनींनी मान हलवली. दोघी नाचल्या नाहीतच. मधोमध उभ्या राहून ऐकत राहिल्या, आणि अख्खा हॉल त्यांच्याबरोबर ऐकत राहिला.

मी हलका हात ठेवला. ड्रम आता स्वच्छ वाजत होता. एकदा मला वाटलं हात जरा पुढे जातोय, आणि मी सवयीने दादांच्या टाचेकडे पाहिलं. तिथे मास्तरांचा बूट होता. ती टाच हळूच जमिनीवर दाबली गेली, आणि मी आवरलो.

कागद वहिनींनी परत नेला. मागची बाजू त्यांना मास्तरांनी स्वतः दाखवली की नाही, ते मी विचारलं नाही. मी मात्र तोंडाला कुलूप घातलं. घरी येताना ही म्हणाली, "खुश दिसताय." मी म्हणालो, "काम छान झालं." एवढं मोठं गुपित फक्त माझ्याकडे आहे आणि मी ते बायकोपासूनसुद्धा लपवलं, याचा मला फार अभिमान वाटत होता. शोध लावणारा माणूस असाच असावा, असं वाटून मी पायऱ्या चढताना शीळसुद्धा घातली.

मंगळवारी रिहर्सल होती. लांब्या आला होता. नव्या बँडला मनासारखा क्लॅरिनेटवाला मिळत नाही म्हणाला. नवीन गाणं आलं होतं. मास्तरांनी कागद स्टँडवर ठेवला, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग उचलून लांब्याच्या हातात दिला.

"मला हे वाचता येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. आधी तू वाजव."

मी मास्तरांच्या मदतीला धावून काहीतरी बोलणार, एवढ्यात पाहिलं तर लांब्या ट्रम्पेट पुसत होता आणि ही पदराचं टोक नीट करत होती. कुणाच्याही तोंडावर तसूभर आश्चर्य नव्हतं.

"माहितेय," मौनी म्हणाला.

लांब्याने गाणं सुरू केलं. नेहमीपेक्षा जरा सावकाश, एकेक सूर सुटा सुटा. मी हिच्याकडे पाहिलं. तिने मला पाठ दाखवली, आणि ती पाठ हसत होती.